चौथा गोळा

“डोकं लावायचं नाही, रागिणी. गोळा भरायचा.”

अमरावतीहून अकोल्याला निघालेल्या बसमध्ये रागिणीला अनुप सरांचं हे वाक्य तिसऱ्यांदा आठवलं. प्रशिक्षणाच्या दिवशी सरांनी ते इतक्यांदा म्हटलं होतं, की त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना शुभंकरोतीच्या जागी तेच तिच्या ओठांवर आलं होतं. सर्वेक्षणाच्या टॅब्लेटवर प्रत्येक प्रश्नाखाली चार गोळे असत. मत कोणाला, या सातव्या प्रश्नाखाली पहिला गोळा रामरावांचा, दुसरा चंद्रभान यांचा, तिसरा ‘इतर’ आणि चौथा ‘अजून ठरलं नाही’. समोरचा माणूस हसो, रडो, शिव्या देवो की गप्प बसो, चारांतला एक गोळा काळा झालाच पाहिजे. त्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

अकोला महानगरपालिकेची निवडणूक महिन्यावर आली होती. ‘कौलदर्पण’ या सरांच्या संस्थेनं निवडणुकीपुरत्या पाच मुली घेतल्या होत्या आणि निकालानंतर त्यांतली एकच कायम होणार होती. रागिणीचा नवरा मोर्शीला संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे आठवड्यातले पाच दिवस अडकलेला, घरी सासूबाई, मुलगी खुशी यंदाच अमरावतीच्या शाळेत घातलेली. ती एक जागा आपल्याला मिळावी म्हणून रागिणीनं अंबादेवीला नारळ बोलला होता. बाकीच्या चौघींनीही तिथंच बोलला होता, हा देवीपुढचा प्रश्न.

अकोल्यातल्या रामरावांच्या प्रभागातून साठ फॉर्म हवे होते, निम्मे बायकांचे. पुरुषांचे तीस बुधवारीच चौकात उभ्याउभ्या झाले, कारण राजकारणावर विचारलं की पुरुष आपल्या गोळ्याबरोबर शेजाऱ्याचाही सांगतात. बायकांचे मात्र चारच झाले होते. उरलेल्या सव्वीस बायकांसाठी गुरुवारी सकाळी साडेनऊला रागिणी बेलबाग गल्लीच्या तोंडाशी उतरली.

गल्लीच्या तोंडाशी अब्दुल सत्तारचाचांची चहाची टपरी होती आणि टपरीसमोर नालीवरची फरशी गायब होती. त्या भोकात चाचांनी बाभळीची फांदी खोचून तिला लाल चिंधी बांधली होती. चिंधीचा रंग पार उडाला होता, त्यावरून फरशी जाऊन किती दिवस झाले ते कळत होतं.

“सर्वेवाली हायेस का बेटा?” चाचांनी टॅब्लेट बघून विचारलं. “मंग आज कायले आली? गुरुवारी बारा वाजेपर्यंत या गल्लीत फक्त माही केटली बोलते.”

रागिणीला ते दुसऱ्या दारात कळलं. तिसऱ्या घरच्या गोदाबाईंनी बारा वर्षांपूर्वी गुरुवारचं मौन धरलं होतं. आंघोळीपासून दुपारी बाराच्या नैवेद्यापर्यंत शब्द काढायचा नाही, दहा वाजता पोथी ऐकायची, तीही वाचणाऱ्या गुरुजींच्याच तोंडून. आधी शेजारीण त्यात आली, मग समोरची, मग अख्खी गल्ली. गुरुवारी सकाळी तिथं पोरांना डोळ्यांनी दम मिळे आणि नवऱ्यांना झाऱ्याच्या ठोक्यानं चहा. भाजीवाल्याचं तर त्या दिवशी नुकसानच व्हायचं. तो मेथीचा भाव सांगे, समोरची बाई नुसती बघत राही, आणि तो आपल्या आपण भाव पाडत पाडत स्वतःच्या खरेदीपर्यंत येई.

रागिणीनं दार वाजवावं, बाईनं हसून पाट सरकवावा, पाणी द्यावं, प्रश्न मन लावून ऐकावा आणि ओठांवर बोट ठेवावं, असं घरोघर चाललं. टॅब्लेट थांबून राही. गोळ्यांमध्ये ‘व्रत आहे’ असा गोळा नव्हता.

गोदाबाईंच्या दारात ती पोचली तेव्हा त्या फुलं निवडत होत्या. साठीच्या, काटक, कपाळाला अष्टगंध. त्यांनी रागिणीचा हात धरून तिला भिंतीवरच्या घड्याळासमोर उभं केलं, बारावर बोट ठेवलं, मग आपल्या ओठांना लावलं आणि चार बोटं हलवून दाखवली, की तेव्हा ये, सगळं सांगते. वर घास भरवल्याची खूण करून जेवायलाही बोलावलं.

“हाव मावशी,” रागिणी म्हणाली. “बारानंतर येतो. पक्कं.”

आणि ती येणारच होती. तोवर तात्पुरता म्हणून तिनं चौथा गोळा भरला. आधीच्या घरांचेही तसेच भरले होते आणि पुढचेही तसेच भरले. बारानंतर फिरून सगळे दुरुस्त करायचे, असं तिच्या मनात स्वच्छ होतं. अकरावा प्रश्न, ‘प्रभागातली सर्वांत मोठी अडचण’, तिथंही रस्ते, पाणी, वीज यांच्या खालचा ‘सांगता येत नाही’ हा चौथा गोळाच काळा झाला.

बाराला दहा कमी असताना सरांचा फोन आला. साठ झाले का, झाले असतील तर लगेच पाठव, बाराला सगळं बंद होतं, बाकीच्या चौघींचे कालच आले. रागिणीनं घड्याळाकडे बघितलं. मग तिनं ‘पाठवा’ दाबलं. टॅब्लेटवर हिरवी बरोबरची खूण उमटली आणि फॉर्म कुलूपबंद झाले. आता बारानंतर जाऊन सांगायचं तरी काय, या लाजेनं ती सव्वाबाराच्या बसमध्ये जाऊन बसली. गोदाबाईंच्या घरी त्या दिवशी एक ताट जास्तीचं वाढलं गेलं असेल, हे तिला मूर्तिजापूरपर्यंत दिसत राहिलं.

सोमवारी अमरावतीत राजकमल चौकाजवळच्या कचेरीत अनुप सरांनी पडद्यावर एक गोल चक्र दाखवलं. चक्राचा बहुतेक भाग राखाडी होता. समोरच्या खुर्चीत नगरसेवक रामराव बसले होते. दोनदा निवडून आलेला, अंगानं भरलेला, पोटात फार काही न ठेवणारा माणूस. सर्वेक्षणाचा खर्च त्यांचाच होता, त्यामुळे राखाडी रंग त्यांना जास्त लागला.

“सत्त्याऐंशी टक्के महिला कुंपणावर,” सर म्हणाले. ते तीन वर्षांपूर्वी पुण्याहून आले होते आणि आकड्यांचा उच्चार श्लोकासारखा करत. “आणि सगळ्या बेलबाग गल्लीतल्या.”

“बेलबाग?” रामराव पुढे सरकले. “अहो, थे तर माही घरची गल्ली हाये. तठी मी उपाशी गेलो तरी जेवून येतो. गोदाबाईचे मालक गेले तवा तिरडीचे बांबू म्या आनले खांद्यावर.”

“तेच तर, भाऊ. तुम्ही त्यांना गृहीत धरलंत.”

“एकीनंही माहं नाव नाही घेतलं?”

सरांनी रागिणीकडे बघितलं. “एकीनं तरी यांचं नाव घेतलं का?”

रागिणी म्हणाली, “नाही सर.” हे खरं होतं. कोणाचंच नाव घेतलं नाही हेही खरं होतं, पण ते कोणी विचारलं नाही.

रामराव पाणी पिऊन, घाम पुसून गेले. सर खुशीत होते. साठ फॉर्ममध्ये असं काही सापडणं म्हणजे विहीर खणताना हंडा लागणं, असं ते म्हणाले, आणि निकालानंतरची ती जागा रागिणीलाच, असंही म्हणाले. रागिणीला वाटलं, खोट्या फुलांचा हार देवाला चालत नाही, मग खोट्या गोळ्यांची नोकरी कशी चालावी. तिनं डोळे मिटून सांगून टाकलं.

“सर, त्या बायका कुंपणावर नव्हत्या. त्या मौनात होत्या.”

सर थांबले. “काय म्हणालीस?”

“मौन. गुरुवारी बारापर्यंत त्या बोलत नाहीत. मी चुकले. मी चौथा गोळा भरायला नको होता.”

सर खिडकीपाशी गेले. परत आले. त्यांच्या चेहऱ्यावर आरतीनंतर असतो तसा उजेड होता.

“मौन,” ते हळूच म्हणाले. “रागिणी, पंधरा वर्षं मी या धंद्यात आहे. हा शब्द मला सुचला नाही. त्या ठरवत नाहीयेत असं नाही. त्या मौनात आहेत. हे कुंपण नव्हे, हा मूक रोष आहे.”

“रोष नाही सर. व्रत आहे.”

“प्रत्येक रोष आधी व्रतच असतो,” सर म्हणाले आणि त्यांनी ते वाक्य लिहून ठेवलं. संध्याकाळपर्यंत अहवालाचं नाव बदलून ‘मौनातला मतदार’ झालं. रागिणीनं खरं सांगितलं होतं. फक्त सांगितलेलं खरं तिच्या डोळ्यांदेखत पान अठरावर जाऊन बसलं होतं.

उपाय म्हणून सरांनी बायका एकत्र असतील अशा वेळी रामरावांनी गल्लीत जावं असं सुचवलं. बायका एकत्र कधी असतात, तर गुरुवारी दहाला, पोथीला. रागिणीनं दोनदा सांगितलं की जायचंच तर बारानंतर जाऊ या. सर म्हणाले, बारानंतर बायका पांगतात आणि पांगलेल्या बाईचा डेटा निघत नाही.

पुढच्या गुरुवारी पावणेअकराला दोन गाड्या बेलबागच्या तोंडाशी थांबल्या. एकीत रामराव आणि त्यांची माणसं, दुसरीत सर, रागिणी आणि व्हिडिओवाला. सत्तारचाचा टपरीतून बाहेर आले. रामरावांच्या माणसाला त्यांनी हात जोडून सांगितलं की भाऊ, बारा वाजता या, आत्ता काही फायदा नाही. तो माणूस म्हणाला, चाचा, तुमी चहा पाहा. व्हिडिओवाल्याला बाभळीची फांदी चित्रात नको होती, म्हणून सरांनी ती उपटून बाजूला ठेवली.

गोदाबाईंच्या ओसरीवर तिसेक बायका बसल्या होत्या. पोथीचा अध्याय नुकताच संपला होता, गुरुजी पाणी पीत होते. रामरावांना बघून सगळ्या हसल्या. गोदाबाईंनी त्यांना सतरंजीवर बसवलं, गूळ-पाणी दिलं आणि मायेनं बघत राहिल्या. रामरावांनी घसा साफ केला.

“बायांनो, काही चुकलं असंल तर बोला.”

कोणी बोललं नाही.

“म्हणजे बोलायसारखंही नाही रायलं का?” रामराव सरांकडे वळून पुटपुटले, मग पुन्हा समोर. “ठीक हाये. गल्लीच्या मांगच्या मोकळ्या जागेत व्यायामाची मशिनी बसवून देतो. उघड्यावरचं जिम.”

बायका बघत राहिल्या. दोघीतिघींच्या डोळ्यांत प्रश्न होता, की जिमवर पापड वाळत घालता येतील का. रामरावांना त्यात नकार दिसला.

त्यांनी सभामंडप देऊ केला. शांतता. सभामंडपाला पंखे देऊ केले. शांतता. दर एकादशीला शेगावला बस, जाणंयेणं फुकट, वर फराळ. तेव्हा मागच्या रांगेत थोडी हालचाल झाली, पण आवाज नाही. रामरावांच्या कपाळावरचा घाम टिळ्यात उतरला. मेथीच्या गाडीवर काय होतं ते रागिणीला माहीत होतं. इथंही माणूस आपल्या आपण भाव पाडत चालला होता, फक्त जुडीच्या जागी तो स्वतः होता.

“बस एकादशीले नाही, दर गुरुवारी,” रामराव म्हणाले. “आता तरी?”

गोदाबाईंना त्यांची दया आली असावी. त्या उठल्या, रामरावांचा दंड धरून त्यांना घड्याळासमोर नेलं आणि बारावर बोट ठेवून त्यांच्याकडे बघितलं.

रामरावांचा चेहरा उतरला. “वेळ भरली म्हणते माही,” ते सरांच्या कानात म्हणाले. “शिव्या देल्या असत्या तर घरचं समजलो असतो. गूळ-पाणी देऊन घड्याळ दाखवलं.”

तेवढ्यात गोदाबाईंची नजर रागिणीवर गेली. त्यांनी ओळखलं. रागावल्या नाहीत. पुन्हा एकदा घड्याळाकडे बोट केलं, आणि रागिणीकडे बघून फक्त भुवया उचलल्या. रागिणीनं मान खाली घातली आणि ओठांनीच, आवाज न करता म्हटलं, येतो.

बाराला दहा कमी असताना सगळे निघाले, कारण साडेबाराला रामरावांची दुसरीकडे बैठक होती. सर व्हिडिओवाल्याला ओसरीवरच्या बायका चित्रात घ्यायला सांगत सांगत मागे चालत आले आणि जिथं फांदी होती तिथं गुडघ्यापर्यंत नालीत गेले. अख्खी गल्ली दारात होती. तिसेक बायकांनी एकदम पदर तोंडात कोंबले. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज म्हणून नव्हता.

चाचांनी सरांना ओढून काढलं. एक बूट आत राहिला. गाडीत बसल्यावर सरांनी वही मागितली आणि ओल्या हातानं लिहिलं, ‘निघताना महिलांच्या डोळ्यांत अश्रू.’

गाडी वळणावर आली तेव्हा कुठल्याशा देवळात बाराची घंटा झाली. मागून बेलबाग गल्लीतून एकदम तीस बायकांच्या बोलण्याचा आणि हसण्याचा लोंढा उठला. रागिणीनं काच खाली केली. सरांनी एसीसाठी ती वर करायला सांगितली.

शुक्रवारी गोदाबाई स्वतः रामरावांच्या घरी गेल्या. हे रामरावांनीच शनिवारी कचेरीत येऊन सांगितलं.

“म्हणे, रामरावभाऊ, तू कायले एवढा घाबरून रायला? मत तुलेच हाये. अख्ख्या गल्लीचं. पयलेपासून हाये. बाकीच्या गल्ल्या पाह्य जाऊन.” रामराव थोडे सैल झाले होते. “अजून काहीतरी सांगत होती, नालीचं का कशाचं. पण मले एवढं हायसं वाटलं का मी तुमाले फोन करायलेच धावलो.”

सरांनी डोळे मिटले. “भाऊ, बोलण्यावर जाऊ नका.”

“म्हणजे?”

“ज्याचं मत ठरलेलं असतं तो सांगायला येत नाही. जो फिरलेला असतो तोच घरी येऊन गोड बोलतो. मौन खरं असतं. बोलणं म्हणजे सौजन्य.”

रामराव पुन्हा घट्ट झाले. रागिणीला राहवलं नाही. “सर, बाई स्वतः सांगते आहे.”

“तेच तर, रागिणी. का सांगते आहे?”

गप्प राहिलं तर रोष, बोललं तर सौजन्य. बाईनं खरं सांगायचं असेल तर तिसरी वाट कोणती, हे त्या अहवालात कुठेच नव्हतं. त्या संध्याकाळी रागिणीनं गोदाबाईंसाठी एक कोरा फॉर्म छापून पर्समध्ये ठेवला. पण सरांनी तिला दुसऱ्या दिवसापासून अंजनगाव सुर्जीच्या कामाला जुंपलं आणि तो फॉर्म पर्समध्येच राहिला.

पुढचे तीन आठवडे रामराव बेलबाग गल्लीतून हलले नाहीत. सकाळी गल्लीत, दुपारी गल्लीत. जिमची तीन मशिनं आली, त्यांवर पापड वाळले. सभामंडपाचं भूमिपूजन दोनदा झालं, कारण पहिल्यांदा गुरुवार होता आणि कोणी टाळी वाजवली नाही. बायका कंटाळल्या, पण घरी आलेल्या माणसाला चहा दिल्याशिवाय पाठवायचं नाही म्हणून देत राहिल्या. रामराव जितका चहा पीत, तितकी त्यांची शंका वाढे. त्यांची माणसंही तिथंच. प्रभागातल्या बाकी अकरा गल्ल्यांत त्यांचं साधं पत्रकही पोचलं नाही.

चंद्रभान यांच्याकडे सर्वेक्षण नव्हतं, सल्लागार नव्हता, एक जुनी स्कूटर होती. रामराव एकाच गल्लीत बसले आहेत हे कळल्यावर ते त्या स्कूटरवर उरलेल्या अकरा गल्ल्या रोज फिरले.

निकाल लागला. चंद्रभान चौसष्ट मतांनी निवडून आले.

रामराव कचेरीत आले ते दार आपटून. त्या गल्लीनं घात केला, गूळ-पाणी देऊन मारलं, असं ते उभ्यानं बोलत होते. सरांनी त्यांना बसू दिलं, पाणी दिलं आणि मतदान केंद्रांची यादी पुढे सरकवली. बेलबाग गल्लीच्या केंद्रावर रामरावांना तीनशे बारा मतं होती. चंद्रभान यांना एकोणीस.

रामराव यादीकडे बघत राहिले. रागिणी दाराशी उभी होती. तिला वाटलं, आता झालं. आता या माणसाला कळेल की त्या बायका पहिल्या दिवसापासून त्याच्याच होत्या, की घरच्याच उंबऱ्यावर पहारा देत बसून त्यानं बाकीचं गाव घालवलं. आता सरांनाही कळेल. नोकरी जाईल, तर जावो.

“बघितलंत?” सर शांतपणे म्हणाले. “सत्त्याऐंशी टक्के महिला कुंपणावर होत्या. तीन आठवड्यांत तुम्ही अख्खी गल्ली ओढून आणलीत. जिथं जिथं आमचा सल्ला पोचला, तिथं तुम्ही जिंकलात.”

रामरावांनी यादी पुन्हा बघितली. मग त्यांच्या डोळ्यांत हळूहळू आदर आला.

“म्हणजे बाराही गल्ल्यांचा सर्वे करायले पाह्यजे होता म्हणता.”

“मी सुचवणार होतो,” सर म्हणाले.

पुढच्या निवडणुकीचा करार तिथंच झाला. भिंतीवर एक पाटी लागली, ‘मौनातला मतदार : आमचं अचूक भाकीत’. आणि दुपारी रागिणीच्या हातात कायम नेमणुकीचं पत्र आलं, सोमवारपासून, पर्यवेक्षक म्हणून. पत्राखाली सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘अशीच डोकं लावत राहा.’

त्या रात्री तिनं अंबादेवीचा नारळ फोडला नाही. पत्र देवघरात ठेवलं, पर्समधला फॉर्म काढला आणि अकराव्या, अडचणीच्या प्रश्नाखालचे चारही गोळे रबरानं खोडायचा प्रयत्न केला. छापलेले गोळे खोडले जात नाहीत. मग तिनं खुशीची पट्टी घेतली आणि फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला वरती ‘प्रश्न अकरावा’ असं लिहून खाली आखीव ओळी काढल्या. पान भरून काढल्या. बोलणाऱ्या बाईला जागा पुरावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. रागिणीनं पहाटे आंघोळ केली, दिवा लावला आणि ठरवलं की आधी गोदाबाईंनी बोलावं, मग आपण. खुशीनं डब्यात काय आहे विचारलं तेव्हा तिनं झाकण उघडून दाखवलं. सासूबाईंनी तिच्या बंद ओठांकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता दिव्यात तेल घातलं. सरांचा फोन वाजला, वाजत राहिला, थांबला. तिनं मुद्दाम पावणेदहाची बस धरली, जी अकोल्याला बारानंतरच पोचते.

बस भरल्यावर कंडक्टर तिकिटं फाडत तिच्यापर्यंत आला.

“कुठचं, ताई?”

रागिणी त्याच्याकडे बघून हसली.

“बडनेरा? मूर्तिजापूर?” तो थांबला. मागची माणसं पैसे पुढे करून उभी होती. त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं, हातातल्या कागदाकडे बघितलं आणि समजुतीनं विचारलं, “अजून ठरलं नाही काय?”

ओढणी तोंडावर धरून रागिणीचे खांदे हलले. मग तिनं कागद मांडीवर पसरला, आखलेल्या पहिल्या ओळीच्या वर, अगदी कडेला, बारीक अक्षरात ‘अकोला’ लिहिलं आणि त्याला दाखवलं. त्यानं तिकीट फाडून दिलं. बस फाटकाबाहेर निघाली. तिनं कागदाची घडी घातली नाही, तो तसाच मांडीवर, दोन्ही हातांखाली धरून ठेवला.